कृष्णाकाठचा सकाळचा धूर: उपग्रहाच्या चित्रावरून माग कसा काढायचा?

पलूसच्या एका विज्ञान शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत सकाळी कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत नदीकाठावर करडा थर बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर भारताचा एक नकाशा फिरतोय. त्यावर लाल ठिपक्यांचा सडा आणि खाली मजकूर, की पंजाबात पेटवलेल्या रानांचा धूर आपल्याकडं पोचला आहे. हे खरं का? मुलांना घेऊन तपासायचं तर कसं? आणि धूर नेमका कुणाच्या रानातून निघाला, हेही कळतं का?

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. फेब्रुवारीतल्या या थराशी पंजाबचा संबंध लावणं अवघड आहे. तिथलं भाताचं काड जळतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि गव्हाचं एप्रिल-मेमध्ये. फेब्रुवारीत तिथं गहू हिरवा उभा असतो, मग पेटवणार काय? शिवाय लुधियाना ते सांगली हे सरळ रेषेतलं अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. ताशी १८ किलोमीटरचा वारा एकदाही दिशा न बदलता वाहिला, तरी साडेतीन दिवस लागतात. एवढ्या प्रवासात धूर आडवा-उभा पसरून पातळ होतो. तो बरोबर नदीकाठावर आणि बरोबर सकाळी सात वाजताच दाट व्हावा, याला काही कारण उरत नाही.

आता तो नकाशा. लाल ठिपका म्हणजे धूर नव्हे. उपग्रहाला जिथं आजूबाजूपेक्षा खूप जास्त उष्णता जाणवली, ती ती जागा. नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर हे ठिपके कुणालाही फुकट पाहता येतात आणि ग्रुपवरचे बहुतेक नकाशे तिथूनच उचललेले असतात. मेख अशी, की नकाशा लहान करून सगळा देश पडद्यावर आणला तरी ठिपका लहान होत नाही. पडद्यावर एकेक ठिपका गावाएवढा दिसतो आणि देश पेटल्यासारखा वाटतो. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचं असंच एक चित्र जगभर फिरलं होतं, अख्खा खंड धगधगताना दाखवणारं. ते उपग्रहाने काढलेलं छायाचित्र नव्हतंच. महिनाभरातल्या उष्ण ठिपक्यांची बेरीज करून संगणकावर रंगवलेलं ते चित्र होतं. म्हणून कुठलंही चित्र हातात आलं की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: हे छायाचित्र आहे की गणिताने काढलेला अंदाज? एका दिवसाचं की अनेक दिवसांची बेरीज? वेळ कुठली? ‘विंडी’ या हवामानाच्या संकेतस्थळावर पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचे, जे जांभळे-तांबडे पट्टे दिसतात, तेही छायाचित्र नाही. युरोपातल्या कोपर्निकस सेवेच्या संगणकी प्रारूपाचा (मॉडेलचा) तो अंदाज असतो आणि त्याचा एक चौकोन सुमारे ४० किलोमीटरचा. त्यात पलूस आणि तासगाव एकाच रंगात बुडतात.

ठिपका पडतो कसा, हे मुलांना जरूर सांगा. तापलेली जमीन आणि पेटलेलं गवत यांतला फरक ४ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांत ठळक दिसतो, ११ मायक्रॉनच्या किरणांत तितका नाही. दोन्हींची तुलना करून संगणक ठरवतो की इथं जाळ आहे. म्हणूनच ठिपका पडायला सगळा चौकोन पेटलेला असावा लागत नाही. आच जोरदार असेल तर चौकोनाचा छोटा कोपराही पुरतो. सध्या यासाठी सगळ्यात उपयोगी ‘व्हिअर्स’ हे उपकरण. ते सुओमी-एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) या तीन उपग्रहांवर आहे. त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे १४ हेक्टर, आपल्या हिशेबात ३५ एकर. त्याआधीचं ‘मोडिस’ टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवर आहे, त्याचा चौकोन एक किलोमीटरचा, जवळजवळ २५० एकरांचा. ते उपग्रह आता म्हातारे झालेत आणि त्यांच्या फेरीच्या वेळाही सरकत चालल्या आहेत.

खरी अडचण वेळेची आहे. व्हिअर्सचे उपग्रह आपल्यावरून जातात दुपारी दीडच्या आगेमागे आणि रात्री दीडच्या आगेमागे. आपल्याकडं उसाचा फड तुटला, टोळी पुढं गेली, की पाचट (उसाचा वाळला पाला) पेटवतात ते बहुधा ऊन उतरल्यावर. एकराचं वाळलेलं पाचट पेटलं की बघता बघता संपतं. दुपारी दीडला ते पेटलेलं नसतं आणि रात्री दीडला राख झालेली असते. म्हणजे हेक्टरी ८ ते १० टन पाचट जळून जातं आणि नकाशावर एक ठिपका उमटत नाही. पंजाब-हरियाणातही पेटवण्याची वेळ गेल्या काही वर्षांत दुपारी उशिराकडं सरकल्याचं भूस्थिर, म्हणजे एकाच भागावर सतत नजर ठेवणाऱ्या, उपग्रहांच्या निरीक्षणांतून पुढं आलं. ठिपके कमी झाले म्हणजे जाळणं तेवढंच कमी झालं, असं तिथंही म्हणता येत नाही. तुमच्या ग्रुपवरच्या नकाशात सांगली जिल्हा स्वच्छ दिसतो आणि दूरचे जिल्हे लाल, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

उलटही होतं. ठिपका असतो आणि आग नसते. कारखान्याचे तापलेले पत्रे, सौर पॅनेलवरून परावर्तित झालेलं ऊन, भट्ट्या, हे सगळं यादीत घुसतं. त्यावर साधा उपाय: त्याच जागी वर्षभर ठिपका येतो का ते मागं जाऊन पाहायचं. पावसाळ्यातही येत असेल तर तो वणवा नव्हे.

हे झालं आगीचं. धूर पाहायचा तर ‘वर्ल्डव्ह्यू’ उघडा. तेही नासाचंच, तारीख निवडून रोजचं चित्र दिसतं. नैसर्गिक रंगात ढग पांढरेशुभ्र, कडा स्पष्ट, बऱ्याचदा बाजूला सावली पडलेली. धूर राखाडी-निळसर किंवा तपकिरी, कडा विरलेल्या, खालची शेतं त्यातून अंधूक दिसतात. धुकं पांढरं असतं, पण ते नदी-ओढ्यांचा आकार धरून बसतं, झाडाच्या फांद्यांसारखं दिसतं आणि दहा-अकरापर्यंत कडेकडेनं विरतं. नुसत्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर रंगांची जोडणी बदला. वर्ल्डव्ह्यूत मोडिसचे ७-२-१ हे पट्टे, म्हणजे या क्रमांकांच्या तरंगलांबी, निवडता येतात. धुराचे कण इतके बारीक असतात, की २.१ मायक्रॉनच्या किरणांना ते जवळजवळ अडवत नाहीत. त्यामुळे नैसर्गिक रंगातला पडदा या चित्रात बराच विरळ होतो आणि खालची जमीन जास्त स्वच्छ दिसते. धूळ आणि ढग मात्र राहतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की आठवीतल्या मुलालाही फरक कळतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं तंत्र हेच.

दिवसातून एक-दोन चित्रांवर धुराची हालचाल कळत नाही. त्यासाठी इन्सॅट-३डीआर (२०१६) किंवा इन्सॅट-३डीएस (२०२४) यांची अर्ध्या-अर्ध्या तासाची चित्रं घ्यावीत. ती इस्रोच्या ‘मॉसडॅक’वर आणि हवामान खात्याच्या पानावर मिळतात. दृश्य प्रकाशातलं चित्र पाहा, तपशील एक किलोमीटरपर्यंतचा असतो. सूर्य खाली असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, धुराची चादर जास्त उठून दिसते. भर दुपारी तीच चादर नाहीशी झाल्यासारखी वाटते, पण ती तिथंच असते. रात्री मात्र धुराच्या नावाने बोंब. अवरक्त किरणांना पातळ धूर दिसत नाही, त्यामुळे रात्रीची इन्सॅट चित्रं ढगांसाठी ठीक, धुरासाठी निरुपयोगी.

धूर की धूळ, हा पुढचा पेच. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई-पुण्यापर्यंतचं आकाश झाकोळलं होतं. अशा दिवशी नुसतं चित्र पाहून कुणीही धूर म्हणेल. इथं सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचं ‘ट्रोपोमी’ कामाला येतं. २०१७ पासून ते रोज दुपारी दीडच्या सुमारास मोजणी करतं. त्याच्या दोन गोष्टी जोडीने पाहायच्या. एक अतिनील किरणांवरून काढलेला एरोसोल निर्देशांक. प्रकाश शोषणारे कण असतील तर तो वर जातो, मग तो धूर असो की धूळ. दुसरी कार्बन मोनॉक्साइड. तो एकदम वाढतो तो मुख्यतः जळण्यामुळेच. निर्देशांक चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइडही चढलेला, तर धूर. निर्देशांक चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड जागच्या जागी, तर धूळ. जमिनीवरच्या केंद्राचे आकडे मिळाले तर तिथंही हाच भेद दिसतो: धुरात पीएम २.५ उसळतं, धुळीत पीएम १०, म्हणजे जरा जाड कण धरून येणारा आकडा, त्याच्या कितीतरी पुढं धावतो.

पण या निर्देशांकाचा एक स्वभाव आहे आणि तुमच्या प्रश्नासाठी तोच कळीचा. जमिनीलगतचा धूर त्याला जवळजवळ जाणवत नाही. वर चढलेला धूर ठळक दिसतो, खाली बसलेला दिसत नाही. म्हणजे सकाळभर कृष्णाकाठ धुरात आहे, लोक खोकताहेत आणि दुपारच्या चित्रात निर्देशांक साधा, असं झालं तर उपग्रह चुकला असं समजू नका. धूर खालीच आहे, एवढंच ते सांगतंय. आणि धूर खालीच असणं म्हणजे तो जवळचा असण्याची शक्यता जास्त.

उंची हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि तीच गोष्ट चित्रात दिसत नाही. उपग्रह वरून खाली पाहतो. जमिनीपासून आभाळापर्यंतची सगळी हवा त्याला एका रंगात चपटी होऊन दिसते. एओडी नावाचा जो आकडा सर्रास दाखवतात (हवेतल्या कणांनी प्रकाश किती अडवला, ते तो सांगतो), तोही हवेच्या या अख्ख्या खांबाचा. तीन किलोमीटरवरचा धूर आणि आपल्या नाकाशी असलेला धूर, दोन्हींचा एओडी सारखा असू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख समुद्र ओलांडून गुजरात, राजस्थान, दिल्लीपर्यंत आली. विमानं रद्द झाली. पण राख विमानांच्या उंचीवर होती, खालच्या माणसाच्या श्वासात तिचा वाटा नगण्य. मोठ्या वणव्यांचंही तसंच. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या आगींनी स्वतःचे गडगडाटी ढग तयार केले, धूर वातावरणाच्या वरच्या थरात ढकलला आणि तो पृथ्वीला वळसा घालून आला. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या जंगलांतला धूर युरोपपर्यंत गेला, आणि त्याच महिन्यात तो न्यूयॉर्कमध्ये खाली उतरल्यामुळे ७ तारखेला तिथलं आकाश नारिंगी झालं. लांब जायचं तर धुराला आधी वर चढावं लागतं. पाचटाच्या जाळात तेवढी ताकद नाही. थंडीतल्या संध्याकाळी तो काही शे मीटर चढतो आणि तिथंच आडवा होतो.

का आडवा होतो? निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागलेली हवाही निवते आणि जड होऊन खोऱ्यात उतरते. वर तुलनेनं उबदार हवा राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा प्रकार. कऱ्हाडपासून खाली कृष्णेचं खोरं रुंद आणि सपाट, त्यात गळीत हंगाम ऐन भरात, पाचटाचे जाळ, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, चुली, वाहनं. सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली. सूर्य वर आला, जमीन तापली, की झाकण उघडतं आणि अकराच्या सुमाराला थर निघून जातो.

म्हणून उपग्रहाच्या आधी मुलांना घेऊन डोंगरावर जा. सागरेश्वर तुम्हाला जवळ आहे. मिरजेकडच्यांना दंडोबा, कऱ्हाडकरांना आगाशिव. सकाळी साडेसात-आठला वर उभं राहून पाहा. धूर पायाखाली असेल, त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल आणि तुमच्या डोक्यावर आकाश निळं असेल, तर तो धूर इथलाच आहे. त्याला उपग्रहाचा पुरावा लागत नाही. वरूनही क्षितिज मळकट, डोक्यावरही पांढुरकं आणि दुपारी तीन वाजता समोरचा डोंगर अजून दिसत नाही, तर बाहेरून काहीतरी आलेलं असू शकतं. दुपारची वेळ महत्त्वाची, कारण जमीन तापल्यावर हवा खालीवर घुसळते आणि वरून जाणारा धूर त्या घुसळणीत खाली येतो. थोडक्यात, इथला धूर सकाळी जास्त आणि दुपारी कमी. पाहुणा धूर सकाळी जाणवत नाही, दुपारी जाणवतो. मोजमापाचे आकडे असतील तर आधी हा दिवसाचा चढउतार काढा.

तसा संशय आलाच, तर वाऱ्याची वाट काढायची. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-समुद्र संस्थेचं हायस्प्लिट हे प्रारूप संकेतस्थळावर फुकट चालवता येतं. पलूसचे अक्षांश-रेखांश द्या, उलट दिशेची वाट निवडा, ७२ तास मागं जा आणि ५००, १०००, १५०० मीटर अशा तीन उंची घ्या. एकच उंची घेऊन निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, तो मोह टाळा. तिन्ही रेषा एकाच दिशेला गेल्या तर त्यांच्यावर भरवसा ठेवावा. फाटल्या, तर त्या दिवशी काही ठामपणे सांगता येत नाही, असंच मुलांनी वहीत लिहावं. मग त्या वाटेवर, त्या त्या तारखेला, फर्म्सचे ठिपके होते का ते पाहायचं. मार्च-एप्रिलात पूर्वेचा वारा असेल तर गडचिरोली, तेलंगण, छत्तीसगडच्या जंगलांतल्या वणव्यांचा विचार करायला जागा आहे. गडचिरोली ते सांगली सातशे किलोमीटरच्या आत आहे, त्याच ताशी १८ किलोमीटरच्या हिशेबाने दीड-दोन दिवसांची वाट. पंजाबपेक्षा हा उमेदवार कितीतरी बळकट, पण त्याचं नाव ग्रुपवर कुणी घेत नाही.

हायस्प्लिटला एक गोष्ट अजिबात कळत नाही: आपले डोंगर. त्याला पुरवलेल्या वाऱ्याच्या माहितीचा चौकोन २५ किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा. त्यात यवतेश्वर, अजिंक्यतारा आणि मधलं सातारा शहर सपाट होऊन जातं. यवतेश्वर-कासच्या बाजूला दुपारी गवताचा वणवा लागला की धूर पश्चिमेच्या वाऱ्यावर शहराच्या डोक्यावरून पुढं जातो. रात्री उतारावरची हवा निवून खाली वाहू लागली की तोच धूर घरांत शिरतो. ही गोष्ट कुठल्याही जागतिक प्रारूपात सापडणार नाही. जमिनीवर उभं राहूनच कळते.

तारखांची एक कटकट सांगतो, कारण प्रकल्पांत हमखास इथं घोळ होतो. फर्म्स, वर्ल्डव्ह्यू, हायस्प्लिट ही संकेतस्थळं ग्रिनिच वेळ वापरतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. आपले सकाळचे सात म्हणजे तिकडचे रात्रीचे दीड. आणि आपला रात्री दीडचा ठिपका तिकडच्या हिशेबात आदल्या दिवशी रात्री आठ वाजताचा, म्हणजे तारीखही आदली.

राहिला तिसरा प्रश्न, कुणाच्या रानातून. ठिपक्यावरून नाही सांगता येत. ठिपका असतो चौकोनाच्या मध्यावर, आग त्या ३५ एकरांत कुठंही असू शकते. उपग्रहाच्या पट्ट्याच्या कडेला चौकोन आणखी मोठा होतो. एवढ्या जागेत आपल्याकडं वीस-पंचवीस खातेदार सहज निघतील. नंतरच्या दिवसांत सेंटिनेल-२ चं चित्र पाहिलं तर काळा चौकोन दिसू शकतो, कारण त्याचा तपशील १० ते २० मीटरचा आहे आणि तो साधारण पाच दिवसांनी परत येतो. जळलेली जमीन लघुअवरक्त पट्ट्यात ठळक उठते. पण पाणी दिलं, नांगर फिरला किंवा खोडवा फुटला की खूण पुसली जाते. आणि दिसली तरी पाचट मालकाने पेटवलं, शेजारच्या बांधावरून आलं की तारेच्या ठिणगीने लागलं, हे चित्र सांगत नाही. शाळेच्या प्रकल्पातून गावात भांडण लागावं असं तुम्हालाही वाटत नसेल. गावाच्या शिवारात किती क्षेत्र काळं झालं, एवढीच बेरीज मुलांकडून करून घ्या. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली शहर आहेच, तेव्हा तालुकावार अशी बेरीज कुणी नीट केली तर तिला किंमत आहे.

वणव्याचं मात्र वेगळं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था याच उपग्रहांवरून वनक्षेत्रातल्या आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते आणि सामान्य माणसालाही तिच्या संकेतस्थळावर नाव नोंदवता येतं. शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगराकडच्या शाळांनी जरूर नोंदवावं. सूचना येईपर्यंत वेळ जातो, हे धरून चाला. डोळ्यांसमोर डोंगर पेटलेला दिसला तर ठिपक्याची वाट पाहू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तो लावा आणि गाव, शिवार व जवळचा रस्ता सांगा.